गड्डा धरणार नाही, मामा

शांती नगर, मीरा रोड (पूर्व)
मार्गशीर्ष

ती. मामांस,

फोन केला की तुम्ही पहिलं विचारता, "काय गं, गड्डा केवढा झाला?" मी "बघू" म्हणून वेळ मारून नेते, तोवर ओतूरच्या बाजारातला भाव निघतो आणि गाडी कांद्यावर जाते ती जातेच. म्हणून आज बसून लिहिते आहे. मामा, गड्डा होणार नाही. मी तो धरावा म्हणून लसूण लावलेलाच नाही.

रागावू नका, आधी ऐका. नातवाला मोबाइलवर नकाशा काढायला सांगा. तुमचं ओतूर आणि माझं मीरा रोड जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, १९ अंशांच्या पाव अंश वर. म्हणजे सूर्य तुमच्या वावरात जेवढा तिरपा येतो तेवढाच माझ्या खिडकीत. वर्षातला सगळ्यात लहान दिवस तुमच्याकडे ११ तासांचा, माझ्याकडेही ११ तासांचाच. ऊन तेच, दिवस तोच, फरक फक्त रात्रीचा. तुम्ही माळशेज चढून समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर वर बसलात, मी खाडी आणि मिठागरांच्या शेजारी. पौषात तुमच्याकडे पारा दहाच्या खाली घसरतो आणि ओट्यावर शेकोटी पेटते. इथे जानेवारीत किमान तापमानाची सरासरी सतराच्या आसपास, आणि तेवढ्यावर आमच्या लोकलमध्ये माकडटोप्या निघतात.

लसणाला ती दहाची रात्र हवी असते. काही आठवडे थंडी अंगावर घेतली, मग दिवस वाढू लागला, ऊन तापलं, की मातीखालचा गोळा पाकळ्यांत फुटतो. थंडी अपुरी पडली तर रोप नुसती पात काढत राहतं आणि शेवटी जो काही गोळा धरतो तो अखंड, एका पाकळीचा. तुमच्या वावरात असा निघाला तर तुम्ही बांधावर फेकून द्याल. इथे काष्ठौषधीवाला हाच एकपाकळी लसूण छोट्या पिशवीत घालून साध्या लसणाच्या कितीतरी पट भावाने विकतो, गुडघ्यापासून रक्तदाबापर्यंत सगळ्यावर चालतो म्हणून. घेणारे घेतात.

तुमच्याच जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात राजगुरुनगरला कांदा-लसूण संशोधन संचालनालय आहे. मूळ केंद्र १९९४ मध्ये नाशिकला सुरू झालं आणि १९९८ मध्ये राजगुरुनगरला आलं. भीमा ओंकार, भीमा पर्पल हे वाण तिथलेच. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावा, १५ बाय १० सेंटीमीटरवर टोकण करा, १२० ते १३५ दिवसांत काढा, हे सगळं तुम्हाला तोंडपाठ आहे. त्यांनी हे देशावरच्या रात्रींसाठी लिहिलंय, माझ्या तिसऱ्या मजल्याच्या ग्रिलसाठी नाही. आमच्यातले खिडकीत शेती करणारे काही हौशी पाकळ्या महिनाभर फ्रिजमध्ये ठेवतात आणि थंडी दिली म्हणतात. थोडाफार उपयोग होतही असेल, पण मग दुधालाही लसणाचा वास येतो आणि घरात थंडी वेगळीच पडते.

म्हणून मी पात धरते. लसणाची पात, हिरवीगार, वीतभर.

आता माझ्या वावराचं सांगते. तुम्ही मागे आलात तेव्हा जेमतेम दोन तास बसलात आणि "एवढ्याशा खुराड्यात कसली शेती" म्हणून गेलात. आमची इमारत चार मजली, बिनलिफ्टची, शांती नगरातल्या बहुतेक जुन्या इमारतींसारखी. हॉलची खिडकी दक्षिणेला, तिला बाहेर काढलेली लोखंडी बॉक्स ग्रिल. रुंदी साधारण दीड हात. बरोबर डोक्यावर चौथ्या मजल्याची तशीच ग्रिल, तिच्यावर पत्रा. आता बघा गंमत. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा तो पत्रा माझ्या ग्रिलवर सावली धरतो. मेच्या मध्यावर आमच्याकडे शून्य सावली दिवस येतो, तो परत यायला जुलैचा शेवट उजाडतो. त्या मधल्या काळात दुपारचा सूर्य उत्तरेकडे कललेला असतो आणि दक्षिणेच्या खिडकीला थेट ऊन मिळतच नाही. पण दसरा झाला की तो दक्षिणेकडे बराच उतरलेला असतो. डिसेंबरात भर दुपारीही तो क्षितिजापासून ४७ अंशांवरच असतो. मग ऊन वरच्या पत्र्याला चुकवून आडवं आत शिरतं, ग्रिल ओलांडतं, खिडकीच्या कट्ट्यावरून खाली उतरतं आणि दिवाणाच्या पायापर्यंत येतं. सकाळी आठपासून चारपर्यंत. फेब्रुवारी सरता सरता ते पुन्हा कट्ट्यावर चढतं आणि होळीनंतर ग्रिलच्या कडेला जाऊन बसतं.

म्हणजे माझ्या खिडकीला हंगाम एकच, आणि तो रब्बीचा! खरिपात ती पडीक. हे कळल्यापासून मी उन्हाळी भेंडी-काकडीच्या नादाला लागत नाही. शेजारपाजारच्या बायका एप्रिलमध्ये रोपं आणतात, जूनमध्ये "आमच्या हाताला यशच नाही" म्हणून कुंड्या गच्चीवर टाकतात. हाताचा दोष नसतो, खिडकी चुकीच्या महिन्यात पेरलेली असते. ज्यांची खिडकी उत्तरेला आहे त्यांना हिवाळ्यात मी पुदिना, ओवा आणि अळू एवढंच सांगते. पूर्वेचं ऊन तीन तास मिळालं तरी मेथी होते.

दक्षिणेची खिडकी असूनही सगळ्यांना ऊन मिळतं असं नाही. समोरची इमारतही चार मजली. डिसेंबरात दुपारी तिची सावली जवळजवळ तिच्या उंचीएवढी लांब पडते आणि दोन इमारतींमधली जागा त्याहून बरीच कमी. म्हणून पहिल्या मजल्यावरचे लोक दिवसभर ट्यूबलाइट लावून बसतात, दुसऱ्याला तासभर मिळतं आणि तिसऱ्यापासून खरं ऊन सुरू होतं. तलाठ्याने आमच्याकडे यायचं ठरवलं तर उन्हाचाच सातबारा काढावा लागेल.

कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर आठवतात ना? गणिताचे प्राध्यापक, ‘प्रयोग परिवार’वाले. तुमच्या तरुणपणी द्राक्षवाल्यांच्या तोंडी त्यांचं नाव असायचं, दहा गुंठ्यांत पाच माणसांचं कुटुंब नीट जगू शकतं म्हणायचे ते. आपण माती पिकवत नाही, पानांवर पडलेलं ऊन गोळा करतो, अशी त्यांची मांडणी. तुमच्यासारख्यांना ती पटायला वेळ लागला, कारण तुमच्याकडे ऊन फुकट आणि जमीन मोलाची. माझ्याकडे उलट आहे, म्हणून मला ती वाचताक्षणी पटली. त्याच वाटेने वांद्र्याला डॉ. आर. टी. दोशींनी गच्चीवर भाज्या पिकवून दाखवल्या, तेही मातीऐवजी बहुतेक उसाच्या चिपाडावर. पुढे मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी तिथल्याच ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली. मुंबईत माती विकत घ्यावी लागते, चिपाड आणि कचरा नाही.

मी चिपाडच वापरते. नाक्यावरच्या रसवंतीवाल्याकडून संध्याकाळी पोतंभर आणते. त्याचाही उचलून टाकण्याचा त्रास वाचतो, वर तो मला "बाई, उद्यापण या" म्हणतो. नर्सरीची लाल माती मी आणत नाही. दोनदा पाणी घातलं की ती विटेसारखी आवळते आणि वजन एवढं की सोसायटीच्या बैठकीत ग्रिलच्या बोल्टांवर चर्चा होते. चिपाडाचे तुकडे, थोडं शेणखत, घरच्या भाजीच्या देठांचं खत, मूठभर निंबोळी पेंड. भांडं म्हणाल तर मासळीवाल्याचे थर्माकोलचे खोके. बर्फ घालून मासळी येते ते. हलके, वीतभर खोल आणि उन्हात तापत नाहीत. दोन पावसाळी धारांखाली ठेवले की वास जातो. (मांजरीचं मत वेगळं आहे, ती अजून हुंगून जाते.) तळाला भोकं आणि खाली ताट हवंच. ताट नसेल तर गढूळ पाणी दुसऱ्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या साड्यांवर जातं आणि शेती तिथेच आटोपते.

लावणी कशी करते ते ऐका, तुम्ही हसणार आहात. तुम्ही अंतर सोडता, मी सोडतच नाही. पाकळ्यांना पाकळ्या टेकतील अशा, शेंडा वर, बूड खाली, शाळेतल्या पोरांसारख्या दाटीने उभ्या करते आणि वर पेरभर खत पसरते. गड्डाच धरायचा नाही तर अंतर कुणासाठी ठेवायचं? वरून जुनी मच्छरदाणी ताणते, ती थंडीसाठी नव्हे, कबुतरांसाठी. कबुतर लसूण खात नाही, पण नुकतीच लावलेली प्रत्येक पाकळी उपटून बाजूला ठेवतं, जणू त्याने ती लावणी तपासायला घेतली आहे. चार-पाच दिवसांत पांढरा कोंब येतो, मग तो पोपटी होतो. तीन-चार आठवड्यांत पहिली कापणी. कात्रीने, दोन बोटं बुंधा सोडून. कापल्या ठिकाणी आधी एक पारदर्शक थेंब जमतो, मग क्षणभराने वास येतो, आधी नाही. पात नुसती उभी असते तेव्हा लसणाजवळ बसूनही कळत नाही, चिरली की सगळ्या हॉलला कळतं. दुसऱ्या कापणीची पात कोवळी पण अंमळ बारीक. तिसरीला दोऱ्यासारखी. पाकळीतलं सगळं संपलं, आता ती पोकळ टरफल झालेली असते, मग ते सगळं खतात. एक खोका असा रिकामा होईपर्यंत दुसरा तयार ठेवायचा. आमच्याकडे ऑक्टोबर तापतो, म्हणून मी दिवाळीनंतर सुरुवात करते. सकाळी कोरडा वारा येऊन ओठ फुटायला लागले की समजायचं.

बाकीच्या भाज्यांचं थोडक्यात सांगते. मुळा होतो, पण पानांचाच जास्त. पालक उत्तम. कोथिंबिरीला धणे रगडून घातले की बरी येते. फ्लॉवर-कोबीच्या वाटेला मी जात नाही, ती तुमची कामं. पण एका गोष्टीत तुमच्यावर कडी करीन, ती म्हणजे समुद्र मेथी. तुमच्याकडे ती कुणी ओळखत नाही. मुंबईच्या बाजारात बोटभर उंचीच्या मेथीच्या इवल्या जुड्या मिळतात, मुळांना वाळू चिकटलेली. ती किनाऱ्याकडची वाळूतली मेथी. मी एका खोक्यात नुसती वाळू भरते, दाणे दाट फेकते आणि आठ-दहा दिवसांत मुळासकट उपटते. धुवायला चार पाणी लागतात, नाहीतर दाताखाली कचकच. लसणीच्या पातीची फोडणी आणि त्यावर ही मेथी, वर काही नाही. भाकरी मात्र तुमच्याच बाजरीची हवी.

ग्रिलच्या एका कडेला वाल चढवलाय. दिवस लहान झाला की त्याला फुलं येतात आणि पौषात शेंगा. तेवढ्यावर पोपटी लागणार नाही, ती रायगडातल्या आत्यांकडे मडक्यात लागेल. इथे मडकं आणि जाळ म्हटलं की अग्निशमन दल येईल. पण दोन वेळच्या भाजीत मूठभर दाणे पडतात.

आता खरं सांगायचं ते शेजाऱ्यांचं. आपल्याकडे आषाढात कांदेनवमी झाली की चार महिने कांदा-लसूण बंद आणि चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की हंगाम सुरू. तुमच्या देव्हाऱ्यात अजून तसंच असेल. इथे माझ्या मजल्यावर चार बिऱ्हाडं. एक आमचं, एक सौराष्ट्रातल्या काठेवाडी कुटुंबाचं, एक जैन, एक उत्तर प्रदेशातलं. समोरच्या काठेवाडी बेन जानेवारी लागला की दार ठोठावतात आणि म्हणतात, "लीलू लसण छे?" संक्रांतीला त्यांचा उंधियो, त्यात हिरवी लसूण पाहिजेच, आणि बाजारात त्या आठवड्यात तिचा भाव चढतो. माझा एक खोका त्यांच्या नावचा. बदल्यात त्या लीलवा तुरीचे दाणे देतात. तेच दाणे आदल्या दिवशी माझ्या भोगीच्या भाजीत पडतात, सोलाणे, गाजर, वांगं, पावटा, तीळ यांच्याबरोबर.

जैन बिऱ्हाडाचं वेगळं. त्यांच्याकडे लसूण-कांदा कायमचाच वर्ज्य, गाजर-मुळाही. पहिल्या वर्षी मी पात कापली त्या संध्याकाळी जिन्यात वास भरला आणि त्यांचं दार हळूच लागलं. बोलले काही नाहीत. मला आधी राग आला, मग विचार केला की कापायचं तर सकाळी अकराला कापावं, तेव्हा वारा जिन्याकडे नसतो. तेवढंच केलं. आणि कार्तिकी पौर्णिमा होऊन त्यांचा चातुर्मास संपला की पहिली मेथीची जुडी त्यांच्याकडे जाते. त्यांच्या खोक्याला मी लसणाची कात्री लावत नाही, वेगळी ठेवली आहे. त्यांच्या आजी ती जुडी घेताना कात्रीचं विचारतात, अजूनही, दर वर्षी. मला त्याचं काही वाटत नाही. विचारतात म्हणजे खातात.

पाण्याचं मात्र रडगाणं आहे. नळाला पाणी आलं तर ठीक, टँकर आला की मचूळ. लसूण आणि कांदा, दोघांनाही खारं पाणी सोसत नाही, शेंडे पिवळे पडून जळतात. तुम्ही फोटोत करपा म्हणालात ना, तो करपा नव्हता. म्हणून टँकरच्या दिवशी मी डाळ-तांदूळ धुतलेलं पिण्याचं पाणीच खोक्यांना घालते. मिठागरांच्या गावात राहून मिठाची तक्रार करायची नाही म्हणा. पलीकडे मुर्धा-राई-मोर्व्याला तर पिढ्यान् पिढ्या त्यावरच संसार चालले. उत्तन, डोंगरी, चौकच्या वाड्यांमध्ये अजून भाजी होते. वसई-विरारकडच्या भाजीवाल्या पाट्या घेऊन पहाटेच्या लोकलला चढतात. त्यांच्याकडची वांगी घेताना मला माझ्या खोक्यांची लाज वाटते, पण घेते.

आता काळजीचं. आमच्या भागात जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाच्या बैठका सुरू आहेत. समोरच्या इमारतीचा विषय पुढे गेलाय. चार मजल्यांच्या जागी वीस मजले उठले तर माझं डिसेंबरचं ऊन बहुतेक गेलंच. एका वकील शेजाऱ्यांना विचारलं तर ते म्हणाले, १८८२चा इझमेंट कायदा आहे, २० वर्षं खिडकीतून मिळालेल्या उजेडाचा हक्क तो मानतो. पण त्यासाठी घरात राहणं खरोखर अवघड झालं असं दाखवावं लागतं. लसणाची पात कापता येत नाही हे कोर्टात कसं सांगायचं? आणि खरं बोलायचं तर समोरच्यांच्या घराला गळती आहे, प्लास्टर पडतं, जिने चढून म्हाताऱ्यांचे गुडघे गेलेत. त्यांनी माझ्या खोक्यांसाठी थांबावं असं मी म्हणणार नाही. उद्या आमचीही इमारत पडेल आणि मी चौदाव्या मजल्यावर जाईन. तेव्हा तुम्ही म्हणाल घे गच्ची. पण नव्या इमारतींत बाहेर काढलेली ग्रिल लावू देत नाहीत, दर्शनी भाग बिघडतो म्हणून. म्हणून सध्या मी एवढंच करते आहे की नव्या नकाशांची चर्चा निघाली की "घर कुठल्या दिशेला?" हे आधी विचारते. बाकीच्या बायका मॉड्युलर किचन विचारतात. कमिटीवाल्यांना मी वास्तुशास्त्रवाली वाटते. वाटू दे, त्याने उत्तर तरी लवकर मिळतं.

आता भावाचं. २०२४ मध्ये लसूण ४०० रुपये किलोवर गेला तेव्हा आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर लसूण लावण्याचे पन्नास व्हिडिओ आले. त्यातला बहुतेक लसूण भाव उतरताच मेला. माझ्या खोक्यांनी माझे फार पैसे वाचत नाहीत, उगाच हिशोब सांगणार नाही. गड्डा मी विकतच घेते, मंदसौर-नीमचकडचा असो की तुमच्याकडचा. पात मात्र विकत घेत नाही.

तेव्हा मामा, एक काम करा. लागवडीसाठी तुम्ही जाड पाकळी निवडता आणि आतल्या गाभ्याच्या बारीक पाकळ्या टाकून देता, त्या टाकू नका. पातीला त्या पुरतात, जाड पाकळी माझ्याकडे वाया जाते. गेल्या खेपेला मामींनी निवडून निवडून टपोरा लसूण पाठवला, तो मी खाल्ला, लावला नाही. या वेळी गाळ्याच्या कोपऱ्यातला चुरा पाठवा, दोन-तीन किलो. माळशेजमार्गे कल्याणला जाणाऱ्या भाजीच्या टेम्पोत टाका, मी कल्याणहून घेऊन येईन. चीनचा म्हणून जो पांढराफेक मोठा लसूण चोरून विकतात तो त्यात मिसळू नका. २०१४ पासून त्याच्या आयातीवर बंदी आहे आणि त्याच्यासोबत येणारी बुरशी मला माझ्या खोक्यात नको. आणि बाजरी संपत आली आहे, तीही त्याच टेम्पोत, पाच किलो. मामींना नमस्कार. पौष लागायच्या आत पाठवा, उंधियोवाल्या बेननी आत्ताच विचारणा केली आहे.

तुमची भाची

ता. क. बांधावर एकपाकळी निघाला तर तोही फेकू नका. किलोचा भाव मी विचारून ठेवते.